शेपटीकडे जायचं नाही

दादा शेपटीकडे का गेला?

हे मी मॅनेजरला विचारलं, कॅप्टन साहेबांना विचारलं, चौकशीला आलेल्या दोन टायवाल्यांना विचारलं. एकाने पाणी मागितलं, दुसऱ्याने घड्याळ बघितलं. 

बाकी आमच्या हेलिपॅडवर गोष्टींना तोटा नाही. नागावच्या अलीकडे जुन्या वाडीच्या जागेवर सिमेंटचा गोल, बाजूला पत्र्याची शेड, शेडच्या दारात बदामाचं झाड. मशीन, म्हणजे हेलिकॉप्टर, मुंबईहून यायचं, आमच्याकडून पुण्याला जायचं आणि तसंच परत. मशीन गेलं की तासभर काही काम नाही. मग बदामाखाली बसायचं आणि बोलायचं. भरतीबरोबर किनाऱ्यावर कचरा येतो ना, तसे किस्से साठत गेले.

माणसं मोजून पाच, मॅनेजर कंपनीच्या ऑफिसात. तिकीट आणि वजन बघणाऱ्या मेघा मॅडम. कॅप्टन साहेब, फौजेतून रिटायर. वॉचमन पांडूकाका. मी, बॅगा उचलणारा आणि आग विझवायचा सिलेंडर घेऊन उभा राहणारा. आणि माझा मोठा भाऊ, सुरेश. मशीनला हातवारे करून उतरवायचं, पॅसेंजर बसवायचे, दार लावायचं, हे त्याचं काम. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा मला इथे त्यानेच चिकटवलं. पहिल्या दिवशी त्याने एकच गोष्ट शिकवली. "बारक्या, शेपटीकडचा पंखा फिरताना दिसत न्हाय. शेपटीकडे जायचं न्हाय. तुझी चप्पल उडून तिकडे गेली तरी न्हाय!"

---

आमच्याकडे सामानाआधी माणसाचं वजन होतं. मशीन लहान, पाच पॅसेंजर आणि कॅप्टन, त्यामुळे किलोकिलोचा हिशोब. दादा काट्याजवळ उभा राहून आकडा ओरडायचा, मॅडम लिहायच्या. एकदा एका बाईंचा आकडा ओरडला आणि त्या रडायलाच लागल्या.

तेव्हापासून दादाने बायकांसाठी नारळ चालू केले. "मॅडम, अडुसष्ट नारळ!" मॅडम गुपचूप अडुसष्ट लिहायच्या. छान चाललं होतं.

एक दिवस दादरच्या एक आजी काट्यावर चढल्या. दादा ओरडला, "ब्याऐंशी नारळ!"

आजी खाली उतरल्या, पिशवी उघडून दाखवली आणि म्हणाल्या, "मेल्या, दोनच आहेत! बाकीचे माझ्या नावावर टाकू नकोस!"

---

उडायच्या आधी कॅप्टनने रेडिओवर सांगायचं असतं, आत माणसं किती. पण इंग्रजीत तिथे माणसं म्हणत नाहीत, 'सोल्स' म्हणतात. सोल्स ऑन बोर्ड. दादाने साहेबांना विचारलं, सोल म्हणजे काय? साहेब म्हणाले, "आत्मा. जीव म्हण."

दादाने ते फार मनावर घेतलं. पंख्याखालून नेताना तो प्रत्येकाच्या डोक्यावर हात आडवा धरायचा, म्हणजे कोणी मान वर करू नये. तेव्हाच मोजायचा, "एक जीव, दोन जीव." दार लावून पुढे यायचा आणि साहेबांचा एक धरून त्यांना तेवढी बोटं दाखवायचा. साहेब तो आकडा रेडिओवर सांगायचे.

एकदा पुण्याचं एक जोडपं होतं, सोबत नवऱ्याची आई. साहेबांना धरून चार. दादाने बोटं दाखवली पाच.

साहेबांनी खिडकी सरकवली. "सुरेश, चार आहेत रे!"

दादाने परत पाच दाखवली आणि त्या मुलीकडे बोट केलं. "साहेब, तुम्ही जीव विचारता ना? मग जीवच सांगितले!"

मुलगी लाजून लाल. "नाही हो, तसं काही नाही," म्हणाली. सासूबाई तिच्याकडे बघतायत, नवरा सासूबाईंकडे बघतोय. साहेब वैतागून चार सांगून उडाले.

दीड महिन्याने पेढ्यांचा बॉक्स आला. आत चिठ्ठी : 'त्या दिवशी मलाही माहीत नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?'

आम्ही दादाला तेच विचारलं. पेढा खात तो म्हणाला, "मला कुठे कळलं? मोजताना आकडा आपोआप पुढे गेला."

त्यानंतर साहेबांनी मागे वळून बघणं सोडलं. दादा दाखवेल तो आकडा!

---

मग दोन भाऊ आले. वडिलांच्या अस्थी घेऊन पुण्याला बहिणीकडे निघाले होते. कलश धाकट्याच्या मांडीवर, लाल कापडात. नियमाप्रमाणे कलशाचंही वजन केलं. दादाने काट्यावर ठेवताना दोन्ही हात लावले आणि आकडा ओरडला नाही, मॅडमच्या कानात सांगितला.

बसवताना धाकट्याच्या डोक्यावर हात धरला, मग कलशावर धरला. दोघे भाऊ, साहेब, म्हणजे तीन. दादाची बोटं चार. साहेबांनी डोळे झाकून चार सांगितले.

अर्ध्या तासाने पुण्याच्या पॅडवरून फोन! तिथला माणूस घाबराघुबरा. "अहो, तुमचा एक जीव कमी उतरलाय! सीटखाली पण बघितलं!"

मॅडमनी दादाला फोन दिला. दादा शांतपणे म्हणाला, "मांडीवरचा मोजलास काय?"

 तेव्हापासून पुण्याचा माणूस रोज न चुकता विचारायचा, "आज चालणारे किती आणि मांडीवरचे किती?"

---

वजनकाट्याची गोष्ट मात्र सांगताना अजून अंगावर काटा येतो.

एका दुपारी काट्यावर कोणी नसताना आकडा आला, एक्केचाळीस. मॅडमनी बटण दाबून शून्य केला. परत एक्केचाळीस. मशीन उडालं आणि आकडा गेला. दुसऱ्या दिवशी मशीन यायच्या वेळेला परत तेच. शेडमध्ये वारा नाही, खाली उंदीर नाही, मी सगळं उचलून बघितलं.

पनवेलहून मेकॅनिक आला. त्याने स्वतःची वजनं ठेवून बघितली, सगळी बरोबर. "काटा एकदम ओके आहे," म्हणून बॅग बंद केली आणि एवढ्यात मशीनचा आवाज आला. आकडा चढला. एक्केचाळीस. मेकॅनिकने चहा अर्धा टाकला.

दादा दारातून म्हणाला, "लायनीत उभं हाय कोणतरी. येऊ दे नंबर!"

मॅडम किंचाळल्या, मी पोट धरून हसलो. दादा हसला नाही. आतून प्लास्टिकची खुर्ची आणून त्याने काट्याशेजारी ठेवली.

"ही कोणाला?" मी विचारलं.

"उभं कुठवर राहणार?" म्हणाला आणि मशीन उतरवायला गेला.

---

वारा बघायला खांबाला नारंगी कापडाची पिशवी लावलेली असते. आम्ही तिला पायजमा म्हणायचो. एकदा भर उन्हात वारा पूर्ण पडलेला, माडाची एक झावळी हलत नव्हती आणि पायजमा टम्म फुगलेला, सरळ शेडकडे रोखलेला. साहेब मशीनमध्ये बसूनच बघत राहिले.

शेवटी मी म्हणालो, "साहेब, निघायचं ना? वारा नाय."

साहेब म्हणाले, "वारा नाही, म्हणूनच नाही निघत!"

पांडूकाका इथे वाडी होती तेव्हापासूनचे. मी त्यांना विचारलं, इथे आधी काय झालं होतं का? त्यांनी विडी विझवली. "वादळात माड पडले, घर पडलं. मग मालकांनी जागा विकली. बाकी मला काय माहीत न्हाय." आणि जाता जाता वळून म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, दिसंल त्याला ओ देऊ नको."

मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आपलं काम पॅसेंजर बसवायचं हाय. ओ न देऊन कसं चालंल?"

---

आता तो दिवस. लांबवून सांगणार नाही.

दुपार. लख्ख ऊन. मशीन उतरलं, पॅसेंजर उतरून शेडमध्ये गेले, पंखा चालू. माझ्या दोन्ही हातांत बॅगा. दादाने शेपटीकडे तोंड करून डोक्यावर हातांची फुली केली. म्हणजे थांब. तिकडे कोणी नव्हतं. मग तो चालायला लागला. मी ओरडलो, पण त्याच्या कानावर आवाज अडवायचे डबे होते.

मशीनचा आवाज बदलला. एवढंच.

तेराव्यानंतर मेघा मॅडम घरी आल्या. शेडमधल्या कॅमेऱ्याचं चित्र त्यांनी बघितलं होतं. आई आत गेली तेव्हा हळूच म्हणाल्या, "तुझा दादा धावला नाही रे. सावकाश गेला. आणि शेवटी त्याचा उजवा हात असा खाली, मूठ अर्धी मिटलेली. कोणाला तरी हाताला धरून परत आणतात ना, तसा."

"कोणाला?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चपला घालून निघाल्या.

मॅनेजरने मला कागद दिला. इंग्रजी. मी म्हटलं, वाचून दाखवा. 'कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे.' खाली कॅप्टन साहेबांची सही होती. साक्षीदार म्हणून माझी हवी होती, कारण सगळ्यात जवळ मी होतो.

माझं डोकं फिरलं. ज्याने माझ्या चपलेचीसुद्धा काळजी केली तो हलगर्जी? पेन घेतलं आणि सहीच्या जागेवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'खोटं हाय.'

मॅनेजर म्हणाला, "हे काय? सही कर म्हटलं होतं!"

"हीच माझी सही!"

त्याने तो फाडला, दुसरा आणला. मी परत तेच लिहिलं. असे चार झाले. कॅप्टन साहेबांना पार्किंगमध्ये गाठलं आणि म्हटलं, तुम्ही सही का केली? ते गाडीची चावी बोटात फिरवत राहिले. "मी पुढे बघत असतो रे. मागचं मला दिसत नाही."

---

मग कंपनीने पॅड बंद करून थळच्या बाजूला न्यायचं ठरवलं. शेवटच्या उड्डाणाला मॅनेजर पाचवा कागद खिशात घेऊन शेडच्या दारात उभा. पॅसेंजर बसवायचं काम माझ्याकडे, दुसरं कोणी नव्हतंच. एक काका-काकू आणि त्यांचे दोन मुलगे. चौघांच्या डोक्यावर हात धरला, चौघांना बसवलं. मधली एक सीट रिकामी, काकूंनी त्यावर पर्स ठेवली होती. साहेबांना धरून पाच.

दार लावायचं, पाच बोटं दाखवायची, संपलं.

पण शेडमध्ये रिकाम्या काट्यावर मघाशी परत एक्केचाळीस आलं होतं. मी दार लावलं नाही. उघडं ठेवलं आणि लांबून वळसा घेऊन शेपटीच्या बाजूला गेलो. शेडमधून मॅनेजर हात हलवत होता, ओरडत असणार. चार पावलं अलीकडे थांबलो. दादा थांबला नव्हता. डोक्यावर हातांची फुली केली. मग उजवा हात खाली घेतला, पुढे केला आणि वाट बघितली. काय दिसलं ते विचारू नका, काही दिसलं नाही. पण हात परत फिरवायची वेळ कधी झाली ते मला कळलं.

सावकाश आलो. लांबून वळसा, मग पुढून, दाराशी. कॅप्टन साहेब आज मान पूर्ण मागे वळवून बघत होते. पहिल्यापासून बघत होते. दारात मी हात आडवा धरला, पंख्याखाली कोणाची मान वर जाऊ नये म्हणून.

काकू मुलाशी बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी सीटवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि थोड्या सरकून बसल्या.

मी आत वाकलो. पट्टा ओढला, लावला. रिकाम्या सीटवर पट्टा लुळा पडतो, मी रोज बघतो. हा पडला नाही. मी दोन बोटं घालून बघितलं, जास्त आवळला तर नाही ना. मग दार लावलं, कडीचा आवाज ऐकला, पुढे येऊन साहेबांसमोर उभा राहिलो आणि दोन्ही हातांची मिळून सहा बोटं वर धरली.