इंजिनखोलीतल्या माणसाचं आडनाव

पुस्तकात काहीही लिहू नये, अशी पाटी आमच्या वाचनालयात होती आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरची ती एक खोली. तिथलं कुठलंही पुस्तक उघडा, शेवटच्या कोऱ्या पानावर वाचकांची पेन्सिलीने जुंपलेली असायची. ‘शेवट घाईत उरकला.’ त्याखाली दुसऱ्याचं, ‘तुम्हाला कळला नाही.’ त्याखाली तिसऱ्याचं, ‘दोघेही गप्प बसा.’ सही कुणाचीच नसे. वाचनालयाचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, वैतागून कधीकधी खोडरबर घेऊन बसायचे आणि चार पानांत थकून चहा मागवायचे.

सर्वांत जास्त हाणामारी व्हायची एका अंतराळयानाच्या मालिकेवरून. पाच-सहा महिन्यांनी तिचा एक पातळसा भाग यायचा. मी सत्तरच्या दशकात नोकरीसाठी नाशिकला आले तेव्हा नववा निघाला होता. ऑफिसात मी कारकून, राहायला एक भाड्याची खोली, आईवडील चांदवडच्या बाजूला गावात. आम्ही बौद्ध. ऑफिसातल्या बायका वाईट नव्हत्या. फक्त डबे उघडायची वेळ झाली की त्यांना एकदम काहीतरी काम आठवायचं. पहिल्या वर्षी मला याचा राग आला, दुसऱ्या वर्षी मी डबा टेबलावरच खायला लागले. संध्याकाळी खोलीवर आलं की बोलायला भिंती होत्या. म्हणून मी त्या पानांवर बोलायला लागले.

अकराव्या भागात लेखकाने यानावरची एकुलती एक बाई, डॉक्टरीण, मारून टाकली. मी लिहिलं, ‘लेखकाला बाईचं काय करावं कळेना, म्हणून मारली.’ पंधरा दिवसांनी पुस्तक पुन्हा मागून घेतलं, तर खाली बारीक, तिरप्या अक्षरात उत्तर होतं, तेही क्रमांक घालून. एक, तिच्या मरणाशिवाय कप्तान बदलला नसता. दोन, भावनेच्या भरात टीका करू नये. मी खाली लिहिलं, ‘कप्तानाला सुधारायला बाईच मरायला हवी होती का? त्याचा दात दुखला असता तरी चाललं असतं.’ पुढच्या खेपेला क्रमांकवाल्यांनी लिहिलं होतं: ‘एक, हसलो. दोन, मुद्दा मान्य.’

ते ‘हसलो’ मी कितीदा वाचलं असेल! नाशिकमध्ये माझ्या बोलण्यावर कुणीतरी हसलं होतं. त्यानंतर आमचं भांडण तीन-चार वर्षं चाललं. नवा भाग आला की मी आधी शेवटचं पान बघायची आणि मग गोष्ट वाचायची.

सतराव्या भागात मात्र मला एक गोष्ट खुपायला लागली. यानावर कप्तान, शास्त्रज्ञ, दिशादर्शक, सगळ्यांना आडनावं होती, आणि ती सगळी शाळेच्या गुणवत्ता यादीत असतात तशी. इंजिनखोलीत एक माणूस होता. तो काळाकुट्ट होता, विश्वासू होता, ‘लय तापलंय साहेब, आता नाय दम धरायचं’ असं बोलायचा, आणि दर दोन भागांनी सगळ्यांचा जीव वाचवायचा. त्याला नुसतं नाव होतं. मी लिहिलं, ‘सतरा भाग झाले, हा माणूस खाली राबतोय. याला आडनाव का नाही?’

त्या पानावर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. एकाने लिहिलं, ‘विज्ञानकथेत जात आणू नका.’ मी जात हा शब्द लिहिलाच नव्हता! क्रमांकवाल्यांनी लिहिलं, ‘एक, भविष्यकाळात आडनावांना अर्थ उरणार नाही. दोन, म्हणून लेखकाने ते दिलेलं नाही.’ मी खाली लिहिलं, ‘मग कप्तानाचं का उरलं?’

यावर चार-पाच महिने काहीच नाही. मला वाटलं, संपलं. स्वतःवरच चरफडले, कशाला बोललीस म्हणून. आणि मग अठराव्या भागात तिरपं अक्षर दिसलं: ‘एक, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दोन, असं बरेच दिवसांत झालं नव्हतं. तीन, येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला समोरच्या हॉटेलात चहा घेऊ. हातात हाच भाग असेल.’

मी इस्त्रीची साडी नेसून गेले. हातात पुस्तक घेतलेले पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. शाळेत विज्ञान शिकवायचे. बाई बघून क्षणभर गडबडले, मग मनापासून हसले. ‘दाताचं तुम्हीच लिहिलंत?’ असं त्यांनी विचारलं आणि मग आम्ही बोलतच सुटलो. यानाच्या वेगाचं गणित, लेखक कुठे कंटाळला, कुठे रंगला. दोन तासांत चार चहा झाले. इतकं बोलून माझा घसा दुखायला लागला होता.

निघता निघता त्यांनी विचारलं, ‘आपलं आडनाव?’

इतका साधा प्रश्न. मी गावाच्या नावाला ‘कर’ जोडला आणि सांगून टाकलं. आमचं आडनाव ते नव्हतं.

‘अरे वा,’ ते म्हणाले. ‘तो इंजिनखोलीचा मुद्दा वाचून आधी मला वाटलं होतं, कुणीतरी चळवळीतला पोरगा असेल, रागाने लिहितोय. तुम्ही तर आपल्यातल्याच निघालात. म्हणजे केवळ तत्त्वासाठी भांडलात. याला म्हणतात वाचक!’

मी मान डोलावली. आजही आठवलं की लाज वाटते, आणि राग येतो तो त्यांचा कमी, माझाच जास्त. एका कागदावरच्या माणसासाठी मी पानं भरून भांडले होते आणि माझी पाळी आली तेव्हा एक शब्द तोंडातून निघाला नाही. खरं सांगते, मला फक्त पुढचा रविवार हवा होता.

तो रविवार मीच घालवला. काकांच्या वहीत माझं खरं आडनाव होतं, ते त्या शिक्षकांना कधीही दिसलं असतं. मी वाचनालयात जायचे वार बदलले. पानांवर लिहिणं बंद केलं. एकोणिसाव्या भागात त्यांनी लिहिलं, ‘कुठे आहात?’ विसाव्यात पुन्हा तेच. एकदा पुस्तक बदलताना काकांनी मी हॉटेलात सांगितलेलं ते खोटं आडनाव घेतलं आणि सहज म्हणाले, ‘ते विज्ञानाचे सर या नावाच्या बाईंना शोधत होते. म्हटलं, अशा कुणी आपल्याकडे सभासद नाहीत.’

‘नसतील,’ मी म्हणाले.

चोविसावा भाग आला तोवर ऑफिसात टीव्हीच्या गप्पा सुरू झाल्या होत्या आणि वाचनालयात गर्दी उरली नव्हती. त्या भागात यान परत येतं. गौरवाच्या यादीसाठी कप्तान इंजिनखोलीतल्या माणसाला नाव विचारतो. तो नाव सांगतो, आणि मग म्हणतो, ‘साहेब, पुरं लिवा,’ आणि आडनाव सांगतो. आमच्या वस्तीत प्रत्येक गल्लीत सापडेल असं आडनाव, सगळ्यांच्या समोर, मान वर करून.

मी शेवटचं पान उघडलं. तिथे एकच शेरा होता. ‘एक, हे वाचलंत का? दोन, तुमचा मुद्दा मी लेखकाला दोनदा पत्राने कळवला होता. तीन, त्या दिवशी हॉटेलात मी एक वाक्य चुकीचं बोललो असं मला फार उशिरा वाटलं. तसं असेल तर तुमचं पूर्ण नाव इथे लिहा. मी दर आठवड्याला बघेन.’

खाली बरीच कोरी जागा होती. पुस्तक पंधरा दिवस माझ्या खोलीवर होतं. मग मी ते तसंच परत केलं.