मैदान खळ्यासारखं चोपलं

मित्रांनो, आज आमच्या पोरी फुटबॉलचा सामना जिंकल्या!

मैदान म्हणजे सावली गावाजवळच्या भातशेतातली धान कापलेली बांधी. सुकून भेगा पडलेली. मागे अशाच भेगेत एका पोरीचा पाय मुरगळला होता. माझी नात प्राची गोलकीपर, त्यामुळे माझ्या जिवाला घोर.

म्हणून काल दोन्ही गोलांसमोरच्या भेगांत ओली माती भरली आणि मळणीच्या खळ्यासारखी चोपली.

प्राची म्हणाली, "आबाजी, त्यांच्या बाजूचं काऊन करून राह्यले?"

"त्यांच्या पोरींचे पाय का लाकडाचे आहेत?"

आज हाफटाइमनंतर बाजू बदलली. शेवटच्या क्षणी प्राचीने आधी त्यांच्या असलेल्या त्याच गोलासमोर झेप घेऊन चेंडू अडवला आणि धूळ झटकत उठली!

दोन्ही संघांच्या पोरी धडधाकट घरी गेल्या. तुमच्याकडे सामन्याआधी मैदान कोण बघतं?