डोंगर जवळ का लांब

शहागंजातल्या टपरीत टीव्हीचे जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना भंगारात एक जाडजूड चष्मा सापडला. गेमचं जग खरंखुरं दिसावं म्हणून बनवलेला, बाजारात कधीच न आलेला नमुना. त्यांनी तो चालू केला. आता टपरीत येईल त्याच्या डोळ्यांवर तो चढवतात आणि स्क्रू फिरवत विचारतात, "डोंगर जवळ हाय का लांब? नीट सांगा."

एकदा मी वैतागून चष्मा काढला. "तुम्हीच बघा की!"

ते हसले. "ह्यातलं लांब-जवळ कळायला दोन डोळे लागतात, भाऊ. माझा एकच चालतो."

मी चष्मा पुन्हा चढवला. डोंगर लांब होता, अलीकडं झाड, मधे एक पक्षी. सगळं सावकाश सांगितलं. स्क्रू फिरवायचं सोडून ते ऐकत राहिले.