खिडकीखालचे चुन्याचे ठिपके

लहान्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते उन्नतीच्या खिडकीखाली. उन्नती माझी मुलगी; ती तलासरीजवळच्या एका विद्यापीठ केंद्रात शिकते, तिथल्याच वसतिगृहात राहते. मी डहाणूहून चिकू घेऊन गेले होते. भर दुपारी एक चाळिशीतला माणूस मोबाइल उंच धरून भिंतीकडेने चालत होता. थांबला, तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि खिडकीखाली तीन ठिपके दिले. शेजारच्या खिडकीखाली एकच.

माझ्याच मुलीला तीन का?

"काय चाललंय?"

"रेंज मोजतो, बाई."

"रेंज की पोरी?"

"पोरी बघायला एवढ्या उन्हात कोण येल?"

मला पटलं नाही. मी तडक वॉर्डन संगिताबाईंना लेखी तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवलं, चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलंय.

तेवढ्याने माझं भागेना. तो कासा गावचा लहान्या, एवढं संगिताबाईंकडून कळलं होतं, म्हणून तिथल्या बाजारात हितेश नावाच्या दुकानदाराच्या मोबाइल दुकानात विचारलं.

"लहान्या? बारा वर्षं पाड्यापाड्यांत केबल ओढली त्याने. तुम्ही सोयरीक बघताय काय?"

हसून झाल्यावर त्याने सांगितलं. भूकंपाच्या धक्क्यांत लहान्याच्या घराची भिंत फाटली. विद्यापीठाची माणसं टेकडीवर मापनयंत्रं पुरायला आली, तेव्हा हा वायरी धरून त्यांच्यामागे फिरला आणि तिथेच कामाला लागला. अकरा महिन्यांचं कंत्राट. ती यंत्रं प्रयोगशाळेकडे बिनतारी संदेश पाठवतात. हल्ली ते मध्येच तुटत होते. वसतिगृहातून कुठून तरी वायफायचा जोर येतोय, ती जागा शोधायचं काम लहान्याकडे होतं. जोर जास्त तिथे ठिपके जास्त.

मी दुकानातच स्टुलावर बसले. खोलीत स्वतःचा राउटर लावायला बंदी आहे. उन्नतीच्या कपाटामागे तो आहे, आणि जूनमध्ये मीच घेऊन दिलाय. रोज व्हिडिओ कॉलवर तिचं तोंड दिसावं, मागे खोलीत कोण आहे तेही दिसावं म्हणून.

"आई, सांगू नकोस," उन्नती फोनवर म्हणाली. "मला काढतील. त्याला काय, दुसरं काम मिळेल."

हे बोलायला ती कुठे शिकली? तिसऱ्या दिवशी संगिताबाईंपुढे दुसरा अर्ज ठेवला: राउटर माझा, तक्रार चुकीची. त्यांनी उन्नतीला लेखी ताकीद दिली आणि लहान्याला फोन लावला.

तो तासाभरात आला. राउटर काढला, मोबाइल पाहिला, जोर गेला म्हणून मान हलवली. मग वही माझ्यापुढे धरली.

"सही करा बाई. तुमची वस्तू तुमच्या समोर काढली म्हणून. नाहीतर उद्या म्हणाल, चोरली."

मी आधी पान वाचलं, मागचं पानही उलटून पाहिलं, मगच सही केली.