मागे घेतलेला हात

बायपासनंतर घरी सोडताना फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला एक छोटी उशी दिली आणि उठण्याबसण्याचे धडे दिले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी! छातीचं मधलं हाड कापून तारांनी बांधलं होतं. ते जुळेपर्यंत हातांनी ढकलायचं नाही, ओढायचं नाही, जड उचलायचं नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. खुर्चीतून उठताना कडेला सरकायचं, पुढे वाकायचं आणि पायांच्या जोरावर उभं राहायचं. मी हे सगळं चिडत चिडत शिकलो. मुलीने सूचनांचा कागद फ्रिजवर लावला, आणि मी तांदळाच्या पिशवीकडे नुसतं पाहिलं तरी ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडायची, "बाबा, कॅनॉट ला!"

माझं करायला म्हणून पुण्याहून आई आली. वय एक्याऐंशी. आमच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल आहे, सोफा आहे, पण बाईसाहेबांना भाजी निवडायला जमीनच लागायची. बसायला त्रास नव्हता, उठताना मात्र कुणीतरी हात द्यावा लागे. मी पुण्याला गेलो की तो मीच द्यायचो. बोलता बोलता ती हात वर करायची आणि मी ओढायचो. "उठव रे" म्हणायचीसुद्धा गरज नसायची. एरवी ती तिथे एकटीच असते, तेव्हा काय करते, हे मी कधी विचारलं नव्हतं. इथे बायको किंवा मुलगी हात द्यायची.

चौथ्या आठवड्यातली एक सकाळ. बायको ऑफिसला, मुलगी शाळेत. आई पेपर पसरून मेथी निवडत होती आणि माझा वाळून कसा खराटा झालाय ते मला ऐकवत होती. मेथी संपली. तिने हात वर केला आणि मी तो धरला. चार आठवडे घोकलेलं सगळं त्या क्षणी पार विसरलो. तिचं वजन हातात आलं आणि छातीच्या मधोमध काहीतरी कटकन वाजलं.

मी हात काढून घेतला.

अर्धवट उठलेली आई खुब्यावर आपटली. मी उशी छातीशी कवटाळून उभा. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिलं आलं ते, हाड सुटलं. आई पडली, हे त्याच्यानंतर. हे मी बायकोलाही अजून सांगितलेलं नाही.

"तुला काही झालं नाही ना?" खाली पडलेली आई मला विचारत होती.

"माझं सोड. तुला कुठे लागलं?"

"लागतंय कसलं! देठांवर पडलेय." चेहरा पांढराफटक पडला होता, पण जीभ शाबूत होती. मी जरासा वाकलो तशी ती कडाडली, "खबरदार मला हात लावलास तर!"

बायकोला फोन केला. तिला यायला पाऊण तास तरी लागणार होता. आईला दोन्ही पाय हलवून दाखवायला सांगितले. हलले. आई म्हणाली, "पाऊण तास मी काही अशी पडून राहणार नाही. तुला शिकवलं ना उठायला? मग मला सांग." मी पायाने खुर्ची सरकवून भिंतीला टेकवली आणि सांगत गेलो. आधी कुशीवर वळ. आता गुडघ्यांवर ये. हात खुर्चीवर ठेव. एक पाय पुढे घे. तिच्या मांड्या थरथरत होत्या. तिसऱ्या खेपेला ती उठली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि मला फक्त तोंड चालवता येत होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुपारी बायकोने आम्हा दोघांना तपासायला नेलं. माझं हाड जागेवर होतं, डॉक्टरांची बोलणी तेवढी खाल्ली. आईचा खुबा काळानिळा झाला होता, मोडलं काही नव्हतं.

तीन महिने झाल्यावर डॉक्टरांनी मला मोकळं केलं. आईचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. त्या संध्याकाळी ती खाली बसून गवार मोडत होती. शेवटची शेंग मोडून झाली तसा मी पुढे झालो आणि हात दिला.

"धर, आई. आता चालतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग गवारीचं पातेलं त्या हातात दिलं, कुशीवर वळली, गुडघ्यांवर आली, खुर्चीला धरून उभी राहिली. जरा धापा टाकत होती.

"अगं, मी आहे ना!" मी चिडून म्हणालो.

"इथे आहेस रे," ती म्हणाली. "तिकडे मी भाजी ओट्याशी उभ्यानेच निवडते. खाली बसले तर उठवणार कोण? आता बसता येईल."