सरांची पुसलेली खुर्ची

सरांची रीत ठरलेली: खुर्ची आधी स्वतःच्या रुमालाने पुसायची आणि मग पोराला म्हणायचं, "बस बाप्पा. आता तू तू नाहीस." अमडापूरच्या अलीकडे आमची शाळा. तिथे सर नववीला नागरिकशास्त्र शिकवत. त्या तासाला आम्ही बाकीचे मास्तर आपापला पोर्शन उरकून घ्यायचो; या माणसाचा मात्र त्यावर जीव.

दर शुक्रवारी त्या खुर्चीत बसून पोरांपैकी कोणी ब्राझीलचा सोयाबीनवाला होई, कोणी बांगलादेशातली शिलाई कामगार. मी चिडवायचो, "सर, आपल्या पोट्ट्यांले शेजारची चिखली धड माहीत नाही, अन् तुम्ही ब्राझील दाखवता!"

"तिथं पीक जोरात आलं की इथं भाव पडते. मंग ओळख नको काय?"

एका शुक्रवारी वर्ग नदीच्या पाण्यावरून भांडत होता. देशाच्या सीमेपलीकडची, कापूस पिकवणारी शेतकरीण व्हायला कोणी तयार होईना. शेवटी प्रांजल खुर्चीत बसली. "पाणी तुम्ही अडवलं तं माह्या पऱ्हाटीनं काय करावं?" फार कळकळीने बोलली. कोणीतरी खिडकीतून ते मोबाइलवर घेतलं. मागचंपुढचं गळालं, तेवढंच वाक्य गावभर फिरलं.

सोमवारपासून फाटकाशी मोटारसायकली थांबू लागल्या. माणसं नुसती आत बघत. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, ती खुर्ची बंद करा."

"शुक्रवार तं येऊ द्या," सर म्हणाले.

शुक्रवार आला आणि माणसंही आत आली. सर्वांत पुढे प्रांजलचा बाप. "माह्या पोरीले दुश्मनाचं बोलणं शिकवतं काय बे?"

सरांनी पोरीला आपल्या मागे घेतलं. मग रुमाल काढून खुर्ची पुसली. "बसा भाऊ. पोरीच्या जागेवरून बोला."

बापाच्या लाथेने खुर्ची उडाली. "तिचा काही दोष नाही. म्या सांगतलं तिले," एवढंच सर म्हणाले.

त्यानंतर ते शाळेत आले नाहीत. खोलीला कुलूप, फोन बंद. कुठे गेले, कोणी विचारत नाही. विचारायची भीती वाटते, मलाही.

परवा, शुक्रवारीच, नववीवर माझा बदली तास होता. प्रांजल उठली. ओढणीने ती डुगडुगती खुर्ची पुसून बसली.

"कोण तू?" मी विचारलं.

"मी प्रांजलचा बाप. माही पोरगी आता माह्यासारखी बोलत नाही. मले भेव वाटते."

खिडकीबाहेर मोटारसायकल थांबली. तिने वळून पाहिलं नाही. ती बोलतच राहिली.