कोणत्या मालकाची गाडी

छापखान्यात मी खिळे जुळवत उभा होतो. दुधनीहून एक माणूस आला आणि दारातूनच म्हणाला, की तुमच्या दाजींना सकाळच्या गाडीनं आणलंय, मोठ्या दवाखान्यात. काय झालं, असं विचारल्यावर त्यानं नुसता स्वतःचा जबडा हातानं घट्ट धरून दाखवला. मी शाईचे हात न धुताच निघालो. दवाखान्यात त्यांना अगदी टोकाच्या खोलीत ठेवलं होतं आणि खिडकीवर घोंगडं टांगलं होतं, कारण उजेड आणि आवाज दोन्ही सोसत नव्हते. धनुर्वात. शेंगांच्या हंगामात लॉरी चालू करताना हँडल उलटं फिरलं, मनगटावर बसलं, कातडं फाटलं. माल अडकून पडेल म्हणून त्यांनी त्यावर चिंधी बांधली आणि आठवडाभर तशीच गाडी चालवली. आता दातखीळ बसली होती. ते माझ्याकडे बघत होते, मला ओळखत होते, डोळे पूर्ण शुद्धीत... आणि एक शब्द बोलता येत नव्हता. तेवढ्यात रस्त्यावरून कुणाची तरी मोटार भोंगा वाजवत गेली आणि त्यांचं सगळं अंग खाटेवरून उचलून ताणलं गेलं. माझी बहीण, अक्का, त्यांच्या पायाशी बसली होती. ती उठली, बाहेर गेली, आणि भर उन्हात दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला हात जोडून सांगू लागली, की बाबा, भोंगा वाजवू नगा. गाडीवाले ऐकत होते. त्यातले बरेच दाजींना ओळखत होते. दिवस कलताना दाजी गेले, तेव्हाही ती फाटकाशीच होती. तिला बोलवायला मी गेलो.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. ज्या साप्ताहिकाचे खिळे मी जुळवतो त्याच्या संपादकांनी म्हटलं, की लोकांबद्दलचं लिहिलेलं इतकी वर्षं जुळवतोस, या माणसाबद्दल तूच लिही. म्हणून लिहीत आहे. बिराप्पा त्यांचं नाव, मी दाजी म्हणायचो. सांगोल्याकडच्या माळावरचं मेंढरं राखणारं घर. एका कोरड्या वर्षात चाऱ्यावाचून कळप मरायला लागला, उरलेली मेंढरं रोगानं गेली, आणि दाजी अक्काला घेऊन सोलापुरात गिरणीच्या गोदामात गठ्ठे उचलायला आले. अंगानं धिप्पाड, बोलायला लाजरे. पुढं ड्रायव्हर झाल्यावरही रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला तर ते भोंगा वाजवत नसत. इंजिन बंद करून बसून राहायचे, सगळा कळप निघून जाईपर्यंत.

गाडी त्यांना शिकवली उस्मानभाईंनी. उस्मानभाई महायुद्धात इराकच्या वाळवंटात लष्कराच्या लॉऱ्या हाकून आलेले. परत आल्यावर गिरणीशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये मोटारी दुरुस्त करायचे. दाजी सुटी झाली की तिथं जाऊन चाकं उचलून द्यायचे, पाणी भरायचे, आणि त्याच्या बदल्यात उस्मानभाई त्यांना मैदानात एक जुनी लॉरी फिरवू द्यायचे. लायसनची परीक्षा झाली त्या दिवशी आम्ही सगळे मैदानाच्या कडेला उभे होतो. दाजींनी दोन पिंपांच्या मधून गाडी मागं घेतली, गोरा साहेब काहीतरी म्हणाला, आणि उस्मानभाईंनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. घरी आल्यावर अक्कानं विचारलं, की साहेब काय म्हणाला? दाजी म्हणाले, की मला काय कळतंय, पर रागानं न्हवता बोलला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गिरणीनं माणसं कमी केली. गोदामातली जवळजवळ सगळी. घरात दोन वर्षांचा मुलगा, तोही सारखा आजारी, आणि अक्काला पुन्हा दिवस गेलेले. माझा छापखान्यातला पगार माझ्या आईला आणि मला पुरत नव्हता. त्यातून जे देता येईल ते मी देत होतो. दाजींच्या खिशात लायसन होतं, आणि नव्या ड्रायव्हरला गाडी देणारे मालक दोनच सापडले. एक बाजारातले मोठे शेठ. त्यांच्या पुष्कळ लॉऱ्या, आठवड्याला पगार, पहिल्या दिवसापासून काम. दुसरी दुधनीची तायम्मा. नवरा वारल्यावर त्याची एकुलती लॉरी तिनं विकली नव्हती. शेंगा आणि ज्वारी अक्कलकोटाकडं, सोलापुराकडं आणायची. उस्मानभाईंनी तिची गाडी दुरुस्त केली होती, त्यांनीच नाव सुचवलं. पण तायम्मानं निरोप पाठवला, की हंगाम लागल्याशिवाय माझ्याजवळ पगार नाही, तोपर्यंत तुम्हा सगळ्यांना राहायला खोली आणि जे शिजेल ते जेवण. हंगामाला कितीतरी महिने होते, आणि पोराच्या औषधाला रोख पैसा लागत होता.

उस्मानभाईंचं म्हणणं एकच होतं. "मालिक का मूँ नको देख, बिरा. गाडी उतारपे खडी कर, बिरेक दबा, फिर देख क्या बोलती." दाजींनी तसंच केलं. शेठजींच्या वखारीमागच्या उतारावर त्यांना दिलेली लॉरी उभी केली आणि पाय दाबला. ब्रेक पार तळाला गेला. ते शेठजींना जाऊन सांगितलं. शेठजी चिडले नाहीत. म्हणाले, की पुढच्या महिन्यात करून घेऊ, तुला नको असेल तर बाहेर आणखी माणसं उभी आहेत. आणि खरंच उभी होती.

संध्याकाळी दाजींनी हे सगळं अक्काला सांगितलं. मी तिथंच बसलो होतो. पोरगं अक्काच्या मांडीवर डोळे मिटून पडलं होतं, झोपेनं नव्हे. अक्कानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ब्रेकाचं तुमी बगाल. पोराचं मी काय बगू?"

दाजी सकाळी उठून शेठजींच्या वखारीत गेले.

त्यांना तुळजापूरचा रस्ता मिळाला. जाताना कापड, मीठ, रॉकेल; येताना निजामाच्या मोगलाईतली करडी आणि ज्वारी, आणि पोत्यांच्या वर माणसं. माणसं बसवायची परवानगी नव्हती, पण शेठजींचा हुकूम होता, की कुणी हात केला तर सोडायचं नाही. घाटाचा उतार ते पहिल्या गेरात उतरवायचे. घरी आले की पाय थरथरत असायचे. अक्का तेल लावायची. दर आठवड्याला शेठजींना ब्रेकचं विचारायचे, दर आठवड्याला तेच उत्तर.

एका परतीच्या खेपेला माणसं फार झाली. घाटाच्या माथ्यावर दाजींनी गाडी थांबवली, चाकांना दगड लावले, आणि सगळ्यांना खाली उतरून चालत जायला सांगितलं. लोक कुरकुरले, पैसे देऊन बसलो आहोत, असं म्हणाले. दाजी ऐकेनात. त्यात एक म्हातारी होती, एका डोळ्यात फूल पडलेली, गुडघ्यांनी गेलेली. तिला घाट उतरणं जमणार नव्हतं. दाजींनी तिला पाठीवर घेतलं आणि सगळा उतार उतरून खाली एका झाडाखाली नेऊन बसवलं. मग परत वर चढून गेले आणि एकटे गाडीत बसले. शेवटून दुसऱ्या वळणावर गेर सुटला. ब्रेक नव्हताच. दरीकडं न जाऊ देता त्यांनी गाडी डोंगराच्या अंगावर घातली. पोती फुटून सगळ्या रस्त्यावर करडी सांडली, लॉरीचं तोंड आत गेलं, आणि दाजींचा उजवा पाय त्याच्यात सापडला. चालत येणाऱ्यांनीच त्यांना ओढून बाहेर काढलं. पण पोलीस येणार म्हटल्यावर ती माणसं पांगली. कोण कुठल्या गावचा, कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेठजींनी फिर्याद दिली, की ड्रायव्हर दारू प्यालेला होता. दाजींनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. लायसन काढून घेतलं गेलं आणि खटला होणार, असं सांगण्यात आलं. दाजी पाय बांधून घरात पडून होते, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायचे, की त्या म्हातारीला इचारा, तिला ठावं हाय. तिचं नाव त्यांनी विचारलं नव्हतं.

मग अक्का तिला शोधायला निघाली. छापखान्याची सुटी असली की मी बरोबर जायचो, नसली की ती एकटीच, पोराला कडेवर घेऊन. घाटाखालच्या ज्या ज्या गावाचा बाजार असेल तिथं जायचं आणि बायकांना विचारायचं, की डोळ्यात फूल पडलेली, गुडघे दुखणारी म्हातारी तुमच्यात हाय का? अशा म्हाताऱ्या पुष्कळ होत्या. प्रत्येकीपाशी जाऊन अक्का विचारायची, की तुमाला कुनी पाठीवर घिऊन घाट उतरवला का, आणि ती बाई अक्काकडं वेड्या माणसाकडं बघावं तशी बघायची. या वणवणीतच पोरगं तापानं फणफणलं, आणि ज्याच्यासाठी ती गाडी धरली होती ते पोरगं गेलं. दाजींना उठता येत नव्हतं. पोराला मीच घेऊन गेलो, मीच माती लोटली. परत आलो तेव्हा दोघंजण एकमेकांकडं न बघता बसले होते. मला वाटलं, आता अक्का कुठं जाणार नाही. पुढच्या बाजाराला ती पुन्हा निघाली. मी अडवलं तर म्हणाली, "त्यांचं नाव तरी नीट होऊ दे की."

म्हातारी मिरच्यांच्या पाटीमागं बसलेली सापडली. अक्कानं विचारल्याबरोबर तिनं मान वर केली आणि विचारलं, की त्या बाबाचा पाय कसा हाय? अक्का तिथंच मातीत बसली आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा रडली. म्हातारीनं मिरच्या शेजारणीच्या हवाली केल्या आणि आमच्याबरोबर सोलापूरला आली. पोलिसांच्या साहेबापुढं उभं केल्यावर घाबरली नाही. "दारू प्यालेला मानूस मला पाठीवर घिऊन घाट उतरंल व्हय?" एवढंच तिनं विचारलं. दुभाष्यानं ते साहेबाला सांगितलं. खटला पुढं चालला नाही, लायसन परत मिळालं.

पण त्या लायसनचा उपयोग उरला नव्हता. ज्या ड्रायव्हरनं मालकाविरुद्ध साक्षीदार उभा केला त्याला सोलापुरात एकही मालक गाडी देईना. दाजी लंगडत दारोदार फिरले. उस्मानभाईंनी स्वतः जाऊन शब्द टाकला, तोही फुकट गेला. अक्काचे दिवस भरत आले होते, आणि घरातलं एकेक भांडं बाजारात जात होतं. त्या दिवसांत दाजी विहिरीकडं पाणी आणायला गेले आणि परत यायला वेळ झाला, की अक्का मला पाठवायची. कशासाठी ते ती बोलत नसे, मीही विचारत नसे. मी धावत जायचो. ते काठावर बसलेले असायचे, घागर रिकामी.

शेवटी अक्कानंच गाठोडं बांधलं आणि म्हणाली, की दुधनीला जाऊ. तायम्मानं दुसरा माणूस ठेवला असेल, असं दाजी म्हणत होते, आणि तिनं तो ठेवलाही होता. मी पोचवायला गेलो होतो. तायम्मा अंगणात शेंगा वाळवत होती. दाजी उभ्याउभ्या सांगू लागले, की मी तुमाला तवा न्हाय म्हनलो, माझं चुकलं... तिनं हात वर केला. "मोदल ऊटा माड. मग बोल." आधी जेव, असं. आणि जेवताना तिनं आपल्या गाडीचं, मालकीचं, नोकरीचं काहीच काढलं नाही. दाजी ताटावर बसून घास हातात धरून राहिले होते, ते मला अजून दिसतं. गाडीवर माणूस होता म्हणून त्यांनी काही महिने तिथं पोतीच उचलली, लंगडत्या पायानं. मग तो माणूस गेला आणि गाडी दाजींकडं आली. त्याआधीच तिथं मुलगी झाली होती. ती आता शाळेत जाते.

पुढची वर्षं सुखाची होती, असं मी म्हणणार नाही. पाय थंडीत ठणकायचा, आणि मेलेल्या पोराचं नाव त्या घरात कधी कुणी घेतलं नाही. पण दाजींचं नाव ड्रायव्हर लोकांत पसरलं. नवं लायसन मिळालेली माणसं दुधनीला यायची, कोणत्या मालकाची गाडी धरावी हे विचारायला. दाजी आधी त्यांना जेवायला बसवायचे. मग घरात काय आहे, कोण आजारी आहे, हे विचारायचे. मालकांचं सगळ्यात शेवटी. मी एकदा म्हटलं, की दाजी, ते रस्ता विचारायला आलेत आणि तुम्ही जेवण कसलं घालताय? ते म्हणाले, "उपाशी मानसाला मालक निवडता येत न्हाय, नामा. त्यो दिसंल त्या दारात शिरतो." कुणाला दोन दिवस, कुणाला आठवडा त्यांनी ठेवून घेतलं, दुसरी गाडी सापडेपर्यंत. सगळ्यांना सापडली नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी दुधनीला राहिलो होतो. तायम्माच्या गाडीवर नवा माणूस आला आहे. अक्काला तिनं शेंगा फोडायच्या कामावर आणि त्याच खोलीत ठेवलं आहे. एका दुपारी जेऊरकडचा एक गडी दारात आला. कागदात गुंडाळलेलं लायसन हातात होतं. "बिराप्पा डायवर हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

"हितंच ऱ्हायचे," अक्का म्हणाली.

तो समजला आणि मागं वळला. अक्कानं त्याला थांबवलं, हात धुवायला पाणी दिलं. तो खाली मान घालून जेवला. मग सांगितलं, की सोलापूरच्या शेठजींनी उद्या सकाळी कामावर बोलावलं आहे. तेच शेठजी. अक्कानं विचारलं, की गाडी उतारावर उभी करून बगितली का? त्यानं होय म्हणून मान हलवली. ब्रेक पार खाली जात होता. अक्का म्हणाली, की दोन दिस हितं ऱ्हावा, दुसरा मालक बगू. तो म्हणाला, की घरी बाळंतीण आहे, आणि उठला.

अक्कानं उरलेल्या भाकरी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिल्या. तो स्टेशनाच्या वाटेनं दिसेनासा होईपर्यंत ती दारात उभी होती. मग आत येऊन तिनं परातीत पीठ काढलं आणि पुन्हा मळायला बसली. आमची जेवणं झाली होती. आता कुणासाठी, असं मी विचारलं.

"संध्याकाळच्या गाडीनं कोन आलं तर," ती म्हणाली.